स्प्रिंगची 'शक्ती' म्हणजे नक्की काय? बल, विस्थापन, ऊर्जा

(बेळगाव भागातल्या लोकांची ही चर्चा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या ठिकाणाचं नाव दिलं आहे.)

खानापूर :
"टोकाला स्प्रिंगची शक्ती जास्त, मध्यभागी शून्य." स्प्रिंगला लावलेल्या वजनाच्या दोलनाबद्दल (टोक म्हणजे दोलनाचं टोक) उत्तरपत्रिकेत हे वाक्य हमखास येतं. इथे शक्ती म्हणजे बल की ऊर्जा? खोडायचं की गुण द्यायचे? आणि टांगलेल्या स्प्रिंगचं विस्थापन कुठून मोजायचं, रिकाम्या स्प्रिंगच्या टोकापासून की वजन लावल्यावर ते जिथे थांबतं तिथून?

टिळकवाडी :
खोडा, पण पोरांना दोष देऊ नका. शेजारच्या वर्गातल्या कन्नड पुस्तकात 'शक्ती' म्हणजे आपली ऊर्जा. आपली गतिज ऊर्जा ती तिकडची चलनशक्ती, स्थितिज ती प्रच्छन्नशक्ती. आणि आपण जिला शक्ती म्हणतो, वॅटमध्ये मोजतो, तिला तिकडे 'सामर्थ्य' म्हणतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, दहावीनंतर सायन्सला इंग्रजी. शब्द तोच राहतो, अर्थ बदलतो.

आता ते वाक्य तपासा, स्प्रिंग आडवी आहे असं धरून. (टांगलेली असेल तर बल म्हणजे वजन वजा जाता उरलेलं बल.) शक्तीच्या जागी बल घातलं तर बरोबर. स्थितिज ऊर्जा घातली तरी बरोबर. एकूण ऊर्जा घातली तर चूक, कारण घर्षण सोडलं तर ती सगळीकडे सारखीच. आणि शक्ती हा शब्द खऱ्या मराठी अर्थाने घेतला तर गंमतच : शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. टोकाला वेग शून्य, मध्याला बल शून्य, म्हणजे दोन्हीकडे शक्ती शून्य! ती सर्वात जास्त असते आयामाच्या (मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या) साधारण 0.7 पटीवर.

हा गोंधळ फक्त सीमाभागाचा नाही. सतराव्या शतकात जर्मन गणिती लाइब्निट्स वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याला 'जिवंत बल' म्हणत होता. आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा 'एनर्जी' शब्द इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने वापरला तो 1807 मध्ये.

उद्यमबाग :
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांनी देतो. स्प्रिंगला 500 ग्रॅमचं वजन टांगलं, ती 10 सेंमी लांबली. वजन 4.9 न्यूटन, म्हणून स्प्रिंगचा स्थिरांक (बल भागिले वाढ) 49 न्यूटन प्रति मीटर. हे 10 सेंमी म्हणजे 'वाढ'. त्याला विस्थापन म्हणू नका. आता वजन आणखी 4 सेंमी खाली ओढून सोडा. विस्थापन या थांबल्या जागेपासून मोजायचं. 4 सेंमी हा आयाम.

खालच्या टोकाला वाढ 14 सेंमी, स्प्रिंग वर ओढते 6.86 न्यूटनने, वजन खाली 4.9 ने, उरलं 1.96 वर. वरच्या टोकाला वाढ अजून 6 सेंमी आहेच, स्प्रिंग ओढते 2.94 ने, उरलं 1.96 खाली. म्हणजे "वर गेल्यावर स्प्रिंग दाबली जाते" हे इथे चूक, ती ताणलेलीच असते. 'बल = −स्थिरांक × विस्थापन' या सूत्रातलं उणे चिन्हही एवढंच सांगतं की उरलेलं बल विस्थापनाच्या उलट दिशेला आहे. बल 'कमी' असा त्याचा अर्थ नाही.

दोलनाची ऊर्जा : अर्धा × 49 × 0.04 × 0.04 = 0.0392 ज्यूल. 2 सेंमीवर बल निम्मं होतं, पण स्थितिज ऊर्जा पाव भाग, 0.0098, बाकीची 0.0294 गतिज. "बल निम्मं तर ऊर्जाही निम्मी" इथेच पोरं फसतात. (थांबल्या जागेपासून मोजलं की गुरुत्वाचा हिशेब या सूत्रात आपोआप मिसळतो. रिकाम्या टोकापासून मोजलंत तर तो वेगळा मांडावा लागेल.)

जाता जाता : वर्कशॉपात "स्प्रिंग बसली" म्हणतात तेव्हा त्या दाबाच्या स्प्रिंगची मोकळी (भार नसतानाची) लांबी कमी झालेली असते. स्थिरांक बहुधा तोच असतो. म्हणून 'बसली' आणि 'नरम झाली' हे एक नव्हे.

निपाणी :
'वारंवारता' (सेकंदाला किती दोलनं) राहिली की ओ. कन्नडमध्ये ती 'आवृत्ती', आणि आपल्याकडे आवृत्ती पुस्तकाची. दोलनाला तिकडे 'आंदोलन' म्हणतात. "स्प्रिंगने 20 आंदोलने केली" असं बेळगावात लिहिलंत तर लोक विचारतील, मोर्चा कुठून निघाला?

वरच्या स्प्रिंगचा दोलनकाळ 0.635 सेकंद, 20 दोलनांना 12.7. प्रयोगात 12.1 च्या आसपास आलं तर पोरानं घड्याळ सुरू करताना 'एक' म्हटलंय, 'शून्य' नाही. प्रत्यक्षात 19 च झाली. उलट 12.8 आलं तर ती चूक नसेलही. स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा टांगलेल्या वस्तुमानात धरा : स्प्रिंग 30 ग्रॅमची तर 510 ग्रॅम, आणि काळ 12.8.

खानापूर :
एका पूर्ण दोलनाचं विस्थापन 16 सेंमी लिहिलं तर?

टिळकवाडी :
16 सेंमी हे अंतर. निघाल्या जागी परत आलं की विस्थापन शून्य. बातमीत धरणाखाली गाव गेलं की माणसं 'विस्थापित' होतात, परत आली तरी त्यांना तोच शब्द राहतो. भौतिकशास्त्रात तसं नाही.