लॉस एंजेलिस ते सिडनी: अंतराचा हिशेब वेळापत्रकाशी का जुळत नाही?

प्रश्न
लॉस एंजेलिस (३३.९४ उत्तर, ११८.४१ पश्चिम) आणि सिडनी (३३.९५ दक्षिण, १५१.१८ पूर्व) या विमानतळांमधलं अंतर स्प्रेडशीटमध्ये काढतोय. उत्तर येतं ८,२८६ किमी. ताशी ९०० ने भागलं की जेमतेम सव्वानऊ तास. वेळापत्रकात मात्र सिडनीकडे जाताना साधारण १५ तास आणि परतताना साडेतेरा. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचं राहिलंय. −११८.४१ घाला. सध्या तुमच्या शीटमध्ये फरक ३२.७७ अंश धरला जातोय, म्हणजे लॉस एंजेलिस चीनमध्ये जाऊन बसलंय. खरा फरक २६९.५९, जवळच्या बाजूने ९०.४१. सिडनीच्या अक्षांशाला उणे दिलंय ते बरोबर. नाहीतर ३,००० किमीच आले असते.

पडताळा घ्या: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार −०.३११८. कोसाइनचा गुणाकार ०.६८८२, त्याला रेखांशफरकाच्या कोसाइनने (−०.००७२) गुणलं की −०.००४९. बेरीज −०.३१६७, हा पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन, म्हणजे कोन १०८.४७ अंश. एका अंशाला १११.१९ किमी धरून १२,०६१ किमी. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे हे धरलं तर सुमारे १२,०५०. हा फरक सोडून द्या, विमानाला तेवढ्याला ४० सेकंदं लागतात.

प्रतिसाद २
आता वेळ. मध्य अक्षांशांवर, दोन्ही गोलार्धांत, वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सिडनीकडे जाताना तो समोरून येतो. सरासरी ताशी ६० किमी धरा: जाताना १२,०५० भागिले ८४०, म्हणजे १४ तास २१ मिनिटं, येताना भागिले ९६०, म्हणजे १२ तास ३३. वेळापत्रकातली वेळ गेट ते गेट असते, त्यामुळे टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालणं), चढण आणि उतरण यांची ४० मिनिटं मिळवा. १५:०१ आणि १३:१३. वर थोडी राखीव मिनिटं असतातच.

जाता-येता सरासरी काढून वारा फिटला असं मात्र समजू नका. समोरचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो, म्हणून वारा नसतानाच्या २६ तास ४७ मिनिटांऐवजी २६ तास ५४ होतात.

प्रश्नकर्ता
चिन्ह दिलं, १२,०६१ आलं. आभार! मग १ जुलैला रात्री १०:३० ला निघून ३ तारखेला सकाळी ६:३० ला पोचायचं, हे कसं?

प्रतिसाद २
आधी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, करा. लॉस एंजेलिस जुलैत उणे ७, म्हणून निघणं २ जुलै ०५:३०. त्यात १५ तास, २०:३०. सिडनी अधिक १०, म्हणून ३ जुलै ०६:३०. परतताना ३ तारखेला सकाळी १० ला निघून त्याच दिवशी सकाळी ६:३० ला उतरता. डिसेंबरात सिडनीचं घड्याळ एक तास पुढे आणि लॉस एंजेलिसचं एक तास मागे असतं, त्यामुळे १७ तासांचा फरक १९ होतो. शीटमध्ये १७ कायमचा टाइप करून ठेवू नका.