मदत हवी आहे: क जीवनसत्त्वाच्या वाहक प्रथिनाचं डॉकिंग, दोन्ही रेणूंना सारखाच स्कोअर

नमस्कार मंडळी,

एसव्हीसीटी१ हे आतड्यात आणि मूत्रपिंडात क जीवनसत्त्व पेशीत ओढून घेणारं प्रथिन. ॲस्कॉर्बेट, म्हणजे शरीरात असणारं क जीवनसत्त्वाचं रूप, ते उचलतं, पण त्याचंच ऑक्सिडीकरण झालेलं रूप, म्हणजे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, घेत नाही. ते ग्लुट१सारख्या ग्लुकोजच्या वाहकांतून जातं. वस्तुमानं १७६ आणि १७४, फरक दोन हायड्रोजनचा. प्रथिनाला तो कसा कळतो, हे मला संगणकावर दाखवायचंय.

उंदराच्या एसव्हीसीटी१ची २०२३ सालची क्रायो-ईएम (गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेली) रचना घेतली, साफ केली, ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याचा अंदाज करणाऱ्या, प्रणालीमध्ये ॲस्कॉर्बिक आम्ल आणि डीहायड्रो दोन्ही बसवले. स्कोअर, म्हणजे पकड किती घट्ट याचे अंदाज, जवळजवळ सारखेच. लॅक्टोनचं कडंही दोघांचं एकाच जागी, फक्त शेपटीचे हायड्रॉक्सिल इकडेतिकडे. तीन आठवडे यातच गेले. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

साफ करताना सोडियम काढलेत का? हे प्रथिन एका ॲस्कॉर्बेटबरोबर दोन सोडियम आत नेतं. त्यांच्याविना रेणू बसायचा खिसा अर्धवटच.

पण खरी गडबड रेणूतच आहे. ॲस्कॉर्बिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन निघालेला असतो तो आकडा) ४.२च्या आसपास. पीएच ७.४ला तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन निघून गेलेला असतो, दीड हजारांत एखादाच रेणू तटस्थ उरतो. डीहायड्रोला मात्र भार नाही. म्हणजे ज्या फरकावर सगळं अवलंबून असण्याची शक्यता आहे, तोच तुम्ही आधी पुसून टाकलात. शिवाय पाण्यात डीहायड्रो चित्रातल्यासारखा लागोपाठ तीन कार्बोनिलांचा राहत नाही. पाण्याचा रेणू घेतो, शेपटीने वळतो आणि दोन कड्यांचा होतो. तोच आकार बसवून बघा.

आता नुसता उणे भार दिलात तरी व्हिनाला तो दिसणार नाही, तिच्या स्कोअरमध्ये विद्युतभाराची संज्ञाच नाही. सोडियम जागेवर ठेवून, लिपिडच्या पटलात एमडी (रेणूंच्या हालचालींचं संगणकीय अनुकरण) चालवा. मग सापेक्ष मुक्त ऊर्जा, म्हणजे दोन्ही रेणूंच्या पकडीतला फरक, काढा. दोन रेणूंचा भार वेगळा असल्यामुळे त्या गणितात भारबदलाची दुरुस्ती लागेल, ती विसरू नका.

मूळ प्रश्नकर्ती

फाइल उघडून पाहिली. हेटॲटमच्या ओळी (प्रथिनाबाहेरच्या अणूंच्या नोंदी) सरसकट उडवल्या होत्या, त्यात सोडियमही गेले. रचना पुन्हा उतरवून घेतली आहे. मनापासून आभार! एकच विचारते: पटल स्थिरावेपर्यंत सोडियम बांधून ठेवायचे की सुरुवातीपासून मोकळे सोडायचे?

प्रतिसाद २

आधी बांधा, मग बंधन टप्प्याटप्प्याने सैल करा. पूर्ण सोडल्यावर एखादा निसटला, तर त्याच्याभोवतीच्या अवशेषांचे (प्रथिनातल्या अमिनो आम्लांचे) प्रोटॉन पुन्हा तपासा.