मदत हवी आहे: जीएसटी सांभाळणारा तयार स्टाफ टिकवायचा कसा?

सोलापुरात सीए फर्म आहे, स्टाफ ९ जणांचा. प्रश्न आर्टिकल्सचा (सीए होण्यासाठी फर्ममध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांचा) नाही. त्यांची मुदतच आता २ वर्षांची, ते जाणारच. प्रश्न बी.कॉम., एम.कॉम. झालेल्या पक्क्या माणसांचा आहे. स्वतंत्रपणे काम करण्याइतकी तयार व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात आणि नेमकी तेव्हाच ती पुण्याची वाट धरतात.

क्लायंट मुख्यतः टॉवेल-चादरीचे कारखानदार आणि सूत व्यापारी. जॉबवर्कची (माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामाची) चलनं, त्याचं आयटीसी-०४ विवरण, निर्यातीचे रिफंड, सगळं एकाच माणसाच्या डोक्यात. तो गेला की ११ तारखेचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) कसंबसं जातं; २० तारखेच्या ३बीआधी (कर भरण्याच्या विवरणाआधी) खरेदीचा २बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी) मेळ मात्र बसत नाही, आणि क्लायंटचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं.

पगार दोनदा वाढवला, पुण्याची बरोबरी होत नाही. बोनस दिवाळीला दिला, तर राजीनामा पाडव्यानंतर लगेच हातात (हे तर ठरलेलंच). प्रत्येक क्लायंटची कामाची वही सुरू केली, पण हंगामात ती कोणी भरत नाही. बॉन्ड किंवा मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं नको. फीमध्ये टक्काही देता येत नाही, कारण सीए संस्थेचा सदस्य नसलेल्याशी फी वाटणं सीए कायद्यात बसत नाही.

आता बोनस दोन हप्त्यांत, जून आणि जानेवारीत, द्यायचा विचार आहे. लहान शहरातल्या फर्ममध्ये कोणी असं केलंय का? रक्कम किती पगारांइतकी ठेवली, आणि मेळ घालण्याचं काम घरून करू दिल्यास क्लायंटचे पासवर्ड कसे सांभाळता?