मदत हवी आहे: मोठं प्लॅटफॉर्म सोडलं, आता संत्र्याच्या गप्पा मारायच्या कुठं?

राम राम राजेहो,

मी वरुडकडचा, साडेतीनशे झाडं संत्र्याची. दीड महिन्यापूर्वी ते मोठं प्लॅटफॉर्म सोडलं. नाव घेत नाही, अर्धा गाव तिथंच आहे. माझ्याच बागेचा फोटो कुणीतरी उचलून टॉनिकच्या जाहिरातीत लावला, "आठ दिवसांत फरक" म्हणून. तक्रार केली, तर उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. त्याच रात्री खातं बंद.

त्याचं दुःख नाही, पण तिथला एक ग्रुप फार आठवतो. तीन वर्षांमागे एका झाडाच्या बुंध्यातून डिंक गळत होता. पंपाची लाईन (वीज) रात्रीची, ओलित चालू. टॉर्च मारून फोटो काढला अन् टाकला. दांड फोडून परत येईस्तोवर मोर्शीकडच्या एका काकांचं उत्तर हजर: डिंक चाकूनं खरड, बोर्डो पेस्ट लाव. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. अन् मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नको. झाड वाचलं. काकांना मी अजून पाहिलेलं नाही.

आता तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आहे. तिथं मागच्या अंबिया बहारातला (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा) एक प्रश्न शोधायचा तर सुप्रभातची फुलं उपसत बसा. शिवाय सगळ्यांना नंबर दिसतो म्हणून आमच्या वहिनी काही विचारतच नाहीत, आणि बाग खरी त्याच पाहतात.

तर मराठीत बोलणारी, जुनं सापडेल अशी, विहिरीजवळच्या एका दांडीच्या रेंजमध्ये उघडेल अशी जागा सांगा. मॅस्टोडॉनचं ऐकलं, वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणारं सोशल नेटवर्क आहे म्हणे, पण सर्व्हर निवडा म्हणतात तिथंच अडलो.

बांधावरचा: भाऊ, सर्व्हरचं टेन्शन नका घेऊ. ईमेलसारखं समजा, खातं कुठंही असो, बोलता सगळ्यांशी येतं. साधारण ५०० अक्षरं बसतात. पुढं सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी मात्र मागं राहतात. पण खरं सांगू का, संत्र्यावर मराठीत बोलणारे मला तिथं चारसुद्धा भेटले नाहीत.

तुरीची_शेंग: वहिनींसाठी टेलिग्राम बघा. सेटिंगमध्ये नंबर लपवता येतो, आणि नव्या माणसाला मागचं सगळं दिसेल असं ग्रुपात ठेवता येतं. दोन लाख माणसं मावतात, तुम्हाला दोनशे पुरे. टॉनिकवाले तिथंही येतात, ॲडमिन खमक्या पाहिजे.

जुना_खोडवा: मराठी चर्चेच्या साइटी बघा: मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून. अर्ध्या तासात उत्तर मिळेलच असं नाही, पण मिळालं की धाग्यावर राहतं. एक मात्र करा, कामाचं उत्तर वहीत उतरवा. साइटी बंद पडतात: ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, कू २०२४ मध्ये. तेव्हा काहून सांगितलं नाही म्हणू नका.

धागाकर्ता: वही आहे, बोर्डोचं प्रमाण तिच्यातच लिहून ठेवलंय. टेलिग्रामवर ग्रुप काढतो, ॲडमिन वहिनी. पण त्या मोर्शीच्या काकांना गाठायचं कसं? नाव माहीत नाही, फोटोच्या जागी बैलजोडी होती. मोर्शीकडचं कुणी वाचत असेल तर विचारून बघा बाप्पा. आज लाईन बाराची आहे, तोवर जागाच आहे.