मदत हवी आहे: सोसायटीच्या तक्रारींचा पॅरेटो चार्ट

नमस्कार मंडळी,

मुलुंडला आमची जुनी सोसायटी आहे. यंदा कमिटीत आहे, म्हणून जून ते नोव्हेंबरचं तक्रारवहीचं एकेक पान उलटून एक्सेलमध्ये भरलं. एकूण 120 तक्रारी: गळती 48, लिफ्ट 30, पाण्याचा दाब 18, पार्किंग 12, कचरा 7, किरकोळ 5. पॅरेटो चार्ट म्हणजे कुठल्या मोजक्या कारणांत बहुतेक तक्रारी येतात ते दाखवणारा आलेख; त्यासाठी उतरत्या क्रमाने स्तंभ लावले, संचयी (आधीची मिळवत नेलेली) टक्केवारी काढली: 40, 65, 80, 90, 96, 100. म्हणजे पहिल्या तीन कारणांतच 80 टक्के. गुणवत्ता-तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटोच्या नावाने मांडलेलं 'मोजकी महत्त्वाची कारणं' हे तत्त्व डोळ्यांसमोर दिसलं, फार बरं वाटलं.

पण घोडं अडलंय ते इथे. गळती फोडली तर गच्ची 20, वरच्या मजल्याचं बाथरूम 17, पाइप 11. मग लिफ्टच पहिली येते! दुरुस्ती तिन्हींची वेगळी, खर्चही वेगळा. मग वर्ग एकत्र ठेवायचे की फोडायचे? शिवाय यात चार महिने पावसाळ्याचे, त्यामुळे गळती फुगलेली असणारच.

आणि नुसती संख्या पुरेशी आहे का? चौथ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये वीस मिनिटं अडकल्या होत्या, वहीत ती एकच ओळ आहे. तिला कचऱ्याच्या एका ओळीइतकंच वजन द्यायला मन धजत नाही. गांभीर्याला 1 ते 5 गुण देऊन संख्येशी गुणलं तर चालेल का? गुण कुणी ठरवायचे?

कारखान्यात क्वालिटीचं काम केलेल्यांनी कृपया सांगा. रविवारी मीटिंग आहे, दुरुस्ती फंड एकाच मोठ्या कामाला पुरेल.