रोडकिंगचे जुने सायलेन्सर परत क्रोम करायचे की सरळ नवीन जोडी टाकायची?

सातारकर ८४:
मंडळी, बाबांची १९८४ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे, गेल्या वर्षी इंजिन पूर्ण खोलून केलं, आता एका किकला उठते, पण सायलेन्सरची जोडी बघवत नाही. पुढे निळे-पिवळे पट्टे, खालच्या बाजूने क्रोमचे पापुद्रे सुटलेत आणि आतला पत्रा तांबूस दिसतो. नाना पेठेत लोकल नवीन जोडी मिळतेय, भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याने (क्रोमचा थर चढवून देणारा) जुनी करून द्यायचे त्याच्या जवळपास दुप्पट सांगितले. माझं मन जुनीकडेच आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून गाडीबरोबर आलेली जोडी आहे ती, आणि तो कारखाना १९९६ लाच बंद पडला. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डेला, म्हणजे जावा-येझदीवाल्यांच्या मेळाव्याला, गाडी न्यायचीय. काय करू?

टू स्ट्रोक पंक्या:
नवीन टाक आणि मोकळा हो भावा. चाळीस वर्षं ऑइल मिसळलेलं पेट्रोल जळलंय त्यात, पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, गाडी थोडी चालवून बंद केली की ते पाणी आतच बसतं आणि पत्रा आतून खातं. तू बाहेरून आरसा करशील, आतून चाळण झालेली असेल. दोन पावसाळ्यांत परत तिथेच येशील, पैसे गेले ते वेगळे.

गॅरेजवाले काका:
पंक्या, तू म्हणतोस तसं होतं, पण प्रत्येक सायलेन्सरचं होत नाही, आधी बघायला नको का? आतली जाळी काढा, रात्री अंधारात सायलेन्सरच्या आत छोटा बल्ब सोडा. बाहेरून उजेडाचे ठिपके दिसले तर भोकं. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, टणटण वाजला तर पत्रा जिवंत, भद्द आवाज आला तर तिथे गेलेला.

आणि लोकल जोडीचं सांगतो, टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज कमी करायचा डबा नसतो. धूर बाहेर जाताना जो दाब उलटा फिरतो तो सिलेंडरमधून निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिक्श्चर अडवतो, त्यामुळे आतली भोकं, लांबी, जाळी बदलली की गाडीची ओढ बदलते. माझ्याकडे आलेल्या एका रोडकिंगला नवीन जोडी टाकल्यावर ती खालच्या गिअरला गुदमरायची आणि प्लग काळा करायची, जुनी बसवली, गाडी सरळ.

मालवणचो झिलगो:
आमच्याकडे खारी हवा, क्रोम किती टिकतं ते आम्हाला विचारा. क्रोमचा थर मायक्रॉनचाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) अर्धा नसतो, नुसती चकाकी, गंज अडवतं ते खालचं निकेल. नवीन लोकल मालात निकेल नावाला असतं, माझ्या जोडीला पहिल्याच पावसाळ्यात फोड आले. पण दादा, तुमचा प्लेटिंगवाला तांबं, निकेल, क्रोम तिन्ही करतो का आणि निकेल किती मायक्रॉन देतो ते विचारून घ्या. दुप्पट पैसे घेऊन पातळच मारणारे पण आहेत.

मीनल_कोल्हापूर:
माझा मुद्दा वेगळा आहे. माझे काका प्लेटिंगच्या कारखान्यात होते, क्रोमिक ॲसिडच्या वाफेने त्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं. टाकीवर धूर ओढणारा पंखासुद्धा नव्हता. आपण चकाकीसाठी भांडतो तेव्हा टाकीजवळ कोण उभं असतं ते पण बघा. मी माझ्या जावाचे गंजाचे ठिपके ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून घासून काढले आणि वर मेण लावलं, दिसायला म्हातारी आहे पण माझं काही अडलं नाही.

टू स्ट्रोक पंक्या:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण नवीन जोडी पण अशाच कुठल्यातरी टाकीतून येते ना, आणि फॉइलने ठिपके जातात, सुटलेले पापुद्रे परत चिकटत नाहीत.

मीनल_कोल्हापूर:
बरोबर, म्हणूनच करायचंच असेल तर एकदाच आणि नीट करा म्हणते. स्वतः जाऊन कारखाना बघा, पंखे चालू आहेत का, कामगारांच्या हातात मोजे आहेत का. ट्रायव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमिक ॲसिड न वापरता केलेलं क्रोम, करतात का विचारा, त्याचा त्रास बराच कमी, रंग किंचित काळपट येतो, बाकी काही नाही.

गॅरेजवाले काका:
अजून एक, आत साठलेला कार्बन (तेलकट काजळी) न काढता प्लेटिंगला देऊ नका, आतलं तेल टाकीत उतरतं आणि थर धरत नाही, म्हणून पुष्कळ जण वापरलेला सायलेन्सर हातातच घेत नाहीत. कार्बन काढायला कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, ॲल्युमिनियमचा कुठलाही पार्ट त्यात जाऊ द्यायचा नाही. आणि बफिंगवाल्याला (प्लेटिंगआधी घासून गुळगुळीत करणारा) सांगून ठेवा, प्रत्येक घासणीत पत्रा पातळ होतो, खड्डे पडलेत म्हणून घासतच सुटला तर आरपार जाईल.

सातारकर ८४:
काका, काल रात्री बल्ब सोडला. उजवा सगळा अंधार, एक ठिपका नाही, आवाज पण खणखणीत. डाव्याला शेपटीकडे खालच्या बाजूला तीन बारीक ठिपके दिसले. मी उजवा तर नक्कीच जुनाच ठेवून क्रोम करून घेणार. डावा गॅस वेल्डिंगने बुजवून दोन्ही एकत्र प्लेटिंगला द्यायचा विचार आहे, जावा डेला जमलं नाही तर गाडी आहे तशी नेईन.

टू स्ट्रोक पंक्या:
तीन ठिपके दिसले म्हणजे आजूबाजूचा पत्रा पण कागद झालेला असणार, वेल्डिंगची ज्योत लागली की भोक मोठं होत जाईल. डाव्यासाठी तरी नवीन बघ.

गॅरेजवाले काका:
एक जुना एक नवीन अजिबात लावू नका, एकाच सिलेंडरचे दोन सायलेन्सर आहेत ते, दोन्हीकडचा दाब सारखा पाहिजे. तेवढा खराब भाग कापून तिथे नवीन पत्रा जोडता येतो, मी केलंय. ठिपके शिवणीवर (पत्र्याच्या जोडावर) आहेत की शिवणीपासून लांब, तेवढा फोटो टाका.