‘सामूहिक कबर’ म्हणावं का?

उंबरठा
दिवाळी अंकासाठी स्रेब्रेनित्सावरचा एक लेख मराठीत आणते आहे. पूर्व बोस्नियातलं हे गाव संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं होतं. ११ जुलै १९९५ला बोस्नियन सर्ब फौजांनी ते घेतलं आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारून खड्ड्यांत लोटले. मास ग्रेव्हसाठी मी सरसकट ‘सामूहिक कबर’ लिहीत गेले. पुढे स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीची दफनभूमी आली. तिथे दर ११ जुलैला, ओळख पटलेल्यांना एकाच वेळी दफन करतात. ‘सामूहिक दफन’ असं लिहिलं आणि अडखळले. गुन्हा आणि अंत्यविधी, दोन्हींना एकच विशेषण?

कानामात्रा
‘सामूहिक कबर’ वर्तमानपत्रांत रुळलाय. राहू द्या.

मोडीवाचक
रुळलाय खरा, पण कानाला काय लागतं ते बघा. सामूहिक विवाह, सामूहिक प्रार्थना, सामूहिक शेती: इथे माणसं आपणहून एकत्र येतात. पोतोचारीला हा शब्द शोभतो, खड्ड्याला नाही. ‘कबर’चंही तेच. कबर म्हटली की कुणीतरी मापानं खणली, माणसाला नीट निजवलं, उशाशी दगड लावला. कबरीला पत्ता असतो. इथे पत्ताच पुसायचा होता.
क्रियापदंही तपासा. दफन करतात आपल्या माणसाला. गाडतात ते नकोसं झालेलं, लपवायचं असलेलं.

सीनाकाठ
आमच्याकडे दहन असलं तरी ‘मातीला गेलो होतो’ असंच म्हणतात. माती म्हणजे अंत्यविधी. एकेकानं मूठमाती द्यायची, मग मागे फिरायचं. त्या खड्ड्यांत माती ढीगभर होती, मूठमाती नव्हती.

उंबरठा
सीनाकाठ, हे वाक्य चोरू का? ‘प्रेतखड्डा’ कसा वाटतो?

कानामात्रा
भयपटाचं नाव वाटतं.

हाडांचा हिशेब
न्यायवैद्यक शिकवतो, म्हणून एक भर. लेखात ‘सेकंडरी ग्रेव्ह’ येणारच. त्याला ‘दुय्यम कबर’ करू नका. दुय्यम म्हटलं की दुय्यम निबंधक आठवतो. झालं असं, की १० ऑगस्ट १९९५ला संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या तेव्हाच्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांनी सुरक्षा परिषदेत विमानातून घेतलेली छायाचित्रं दाखवली, ताजी उकरलेली जमीन दिसणारी. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारेकऱ्यांनी यंत्रं लावून बरेचसे मूळ खड्डे उपसले आणि प्रेतं ट्रकांतून दूर नेऊन पुन्हा गाडली. यंत्राच्या दातांनी सांगाडे तुटले. एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी निघाली ती त्यामुळे.
ही हलवाहलव सिद्ध कशी झाली? कोझलुकचा मूळ खड्डा जिथे होता तिथे एक बाटल्यांचा कारखाना आपली फुटकी हिरवी काच टाकत असे. तीच काच आणि बाटल्यांवरची लेबलं चान्चारी रस्त्यावरच्या खड्ड्यात प्रेतांबरोबर सापडली. शिवाय मातीचे नमुने, काडतुसांची पुंगळी, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचं कापड जुळलं. म्हणून मी वर्गात ‘मूळ खड्डा’ आणि ‘हलवलेला खड्डा’ म्हणतो. ओबडधोबड आहे, पण कोण काय करून गेलं ते त्यात दिसतं.

मोडीवाचक
‘हलवलेला खड्डा’ म्हणजे खड्डाच हलवला? पण चालेल. ‘पाण्याची टाकी हलवली’ असं आपण म्हणतोच.

उंबरठा
आणि ‘इन्व्हेस्टिगेशन’? नातेवाईक बायका वर्षानुवर्षं मागणी करत होत्या. चौकशी की तपास?

हाडांचा हिशेब
दोन कामं वेगळी होती. १९९६पासून हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायाधिकरणानं खड्डे उकरले ते पुराव्यासाठी: मेलेले कोणत्या गटाचे, मारलं कसं, हात बांधलेले होते का. तो तपास. बोस्नियन सर्ब जनरल राडिस्लाव क्रस्तिचच्या खटल्यात (निकाल २००१) तो उपयोगी पडला. पण आईला हवं होतं नाव. हरवलेल्या व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं नातेवाइकांचं रक्त घेऊन हाडांच्या डीएनएशी ताडून पाहिलं, तेव्हा नावं लागायला लागली. तो शोध. ‘चौकशी’ मात्र टाळा. आपल्याकडे चौकशी समिती नेमली की लोक हसतात, आणि चौकशी तब्येतीचीही करतात.

सीनाकाठ
त्यावर ‘जुनी मढी कशाला उकरता’ असंही कुणी म्हणालं असणार. आपल्या भाषेत उकरणाऱ्याला दोष देणारी म्हण तयार आहे, गाडणाऱ्याला देणारी मला आठवत नाही.

शब्दभ्रमर
विषयांतर करतो. बोस्नियन भाषेत कबरीला मेझार, अंत्यविधीच्या नमाजाला जेनाझा आणि शवपेटीला ताबूत म्हणतात. आपली मजार, आपला जनाजा, आपले मोहरममधले ताबूत! अरबी-फारसीतून ते तुर्कांबरोबर तिकडे गेले, आपल्याकडे दख्खनच्या दरबारांतून आले. पोतोचारीला हिरव्या कापडाने झाकलेल्या ताबुतांच्या रांगा असतात. खड्ड्याला मात्र तिथला रूढ शब्द ‘मासोव्ना ग्रोब्नित्सा’; त्यातला ‘ग्रोब्नित्सा’ स्लाव्ह मुळाचा. मेझार तिथेही घरच्या माणसासाठी.

उंबरठा
सुटलं. पहिल्या उल्लेखात ‘सामूहिक कबर’ ठेवते, म्हणजे वाचक हरवणार नाही. पुढे सगळीकडे खड्डा, गाडणं, उकरणं. ‘कबर’ आणि ‘दफन’ थेट पोतोचारीला. एक वाक्य पाहा: ‘मुलाची आणखी हाडं सापडली तेव्हा कबर पुन्हा उघडून ती आत ठेवली.’ ‘सापडली’ की ‘मिळाली’?

कानामात्रा
सापडली. आणि ‘आत ठेवली’ नको, ‘त्याच्याजवळ ठेवली’ करा.